मोसंबीच्या स्लाइड्सचा क्रम

अण्णांच्या स्लाइड्सचं काम हातात घेतलं तेव्हा मी वहीत अंदाज मांडला. डबे चार, स्लाइड्स साधारण तीनशे. पुसणं, स्कॅन करणं आणि नाव देणं धरून एकीला चार मिनिटं. रोज संध्याकाळी दीड तास, म्हणजे दोन आठवडे. वाळूजच्या एका कारखान्यात मी चोवीस वर्षं माल पाठवण्याचं वेळापत्रक लावते. माझे अंदाज सहसा चुकत नाहीत.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ब्याऐंशी. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी कृषी विस्तार अधिकारी म्हणून पैठण तालुक्यात काढली. दिवस मावळला की गावच्या शाळेच्या भिंतीला पांढरी चादर बांधायची, जीपमधला प्रोजेक्टर उतरवायचा आणि शेतकऱ्यांना चित्रं दाखवत भाषण करायचं, हे त्यांचं काम. त्या चित्रांच्या या स्लाइड्स. पुठ्ठ्याच्या लहानशा चौकटीत बसवलेला रंगीत फिल्मचा एकेक तुकडा. फोटो सगळे त्यांनीच काढलेले. कापसाचा डबा, ज्वारीचा डबा, विहिरी आणि बांधबंदिस्तीचा डबा, आणि सगळ्यात जास्त हाताळलेला, कोपरे झिजलेला, मोसंबीचा डबा.

घाईचं कारण वेगळं होतं. गेल्या दिवाळीपासून अण्णा विसरायला लागले होते. दिवसातून पाच-पाच वेळा विचारायचे, "नळाला पाणी आलं का?" आमच्या शहरात हा प्रश्न शहाणी माणसंही दिवसातून पाच वेळा विचारतात, म्हणून आमच्या लक्षात यायला उशीर झाला. मग एकदा ते दूध आणायला गेले आणि समोरच्या गल्लीतल्या घराचं फाटक उघडून आत जाऊन बसले. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना काही विचारायचं राहिलं असेल तर आत्ताच विचारून घ्या."

विचारायचं खूप राहिलं होतं. त्या डब्यांत शेकडो माणसं होती. बांधावर उभी, झाडाखाली बसलेली, विहिरीत वाकून बघणारी. ती कोण, हे फक्त अण्णांना माहीत. आई जाऊन अकरा वर्षं झाली. मी लॅपटॉपवर तक्ता केला: क्रमांक, विषय, माणसं, गाव, साल, शेरा. सहा रकाने. ते भरले की काम संपलं, असं मला वाटत होतं.

सुरुवात मोसंबीच्या डब्यापासून केली, कारण बुरशी त्यालाच जास्त लागली होती. ऑनलाइन मागवलेलं स्कॅनर चहाच्या डब्याएवढं. त्याच्या फटीत स्लाइड सरकवायची आणि बटण दाबायचं. पहिल्याच संध्याकाळी तिसरी स्लाइड आत अडकली. पुठ्ठ्याच्या चौकटी दमटपणाने फुगल्या होत्या. चिमट्याने ओढून काढताना फिल्मला ओरखडा पडला. मी काम थांबवलं, प्लॅस्टिकच्या चौकटी मागवल्या आणि चार दिवसांनी त्या आल्यावर नव्याने सुरुवात केली. हातात सुती मोजे. ब्लेडने जुना पुठ्ठा उघडायचा, फिल्म अलगद काढायची, रबरी फुग्याने धूळ उडवायची, नव्या चौकटीत बसवायची. असं पुन्हापुन्हा त्याच क्रमाने करायचं काम लागलं की मला बरं वाटतं. मोसंबीच्या स्लाइड्स झाल्या, त्यांचे विषयवार गट पाडले: झाडं, रोग, औषधं, माणसं, घर. प्रत्येक गटाला नंबर दिले. जुने पुठ्ठे पिशवीत भरून मंगळवारी घंटागाडीत टाकले.

मग अण्णांना खुर्ची दिली, लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला, शेजारी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि ‘माणसं’ गट उघडला. पहिलाच फोटो फेटा बांधलेल्या एका उंच माणसाचा. हाताने झाडाची फांदी खाली ओढून धरलेली.

"अण्णा, हे कोण?"

ते बघत राहिले. "शेतकरी आहे."

"ते दिसतंय. कोणते? गाव कोणतं?"

"तू सांग."

"मला कसं माहीत असणार?"

"मग मला का विचारायलीस? परीक्षा घेतेस का माझी?" त्यांनी लॅपटॉप पुढे ढकलला. "सेवेत असताना लई परीक्षा दिल्यात मी."

दुसऱ्या दिवशी मी प्रश्न बदलला. तिसऱ्या दिवशी वेळ बदलली, सकाळचा चहा झाल्यावर बसवलं. चौथ्या दिवशी मोठ्या टीव्हीवर लावलं. त्यांना घाम फुटायचा. फोटो बघताना ते हाताच्या बोटांनी खुर्चीचा दांडा वाजवत राहायचे, जणू पुढे काहीतरी यायचंय आणि ते येत नाहीये. मलाही एका जागी बसवेना. उठून ओटा पुसायचे, परत यायचे, तक्ता बघायचे. पहिले दोन रकाने भरलेले आणि पुढचे चार कोरे. ठरवलेले दोन आठवडे संपत आले होते.

शुक्रवारी कामावरून आल्यावर मी कापसाचा डबा उघडला. निदान स्कॅनिंग तरी पुढे सरकावं म्हणून. सगळ्या स्लाइड्स उभ्या, दाटीने बसवलेल्या. त्यांच्या वरच्या कडांवर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे तिरकी लाल रेघ गेलेली. पेनाने ओढलेली, सरळ, पट्टी लावून. मी मधल्या चार स्लाइड्स उचलल्या आणि रेघ तुटली.

"अण्णा, ही रेघ कशाची?"

त्यांनी पेपरमधून मान वर केली. "क्रमाची."

"म्हणजे?"

"जीपमध्ये डबा सांडायचा. खड्डे काय थोडे होते? सांडला की स्लाइड्स उभ्या लावायच्या आणि रेघ जुळवायची. रेघ सरळ झाली की भाषण जागेवर." मग सहज, पेपरची घडी घालत म्हणाले, "कापसाला लाल. मोसंबीला हिरवी."

मला ती हिरवी रेघ आठवली. कडेवरचा प्रत्येक ठिपका मी बुरशीच समजले होते.

त्या रात्री जेवण नीट गेलं नाही. शनिवारी सकाळी मी कापसाचा डबा जसा होता तसा, एकेक स्लाइड काढून, त्याच क्रमाने स्कॅन केला. फुगलेल्या चौकटी जपून दाबून सरकवल्या, कुठलाही पुठ्ठा उघडला नाही. दुपारी अण्णांना टीव्हीसमोर बसवलं. या वेळी काही विचारलं नाही. पहिली स्लाइड लावली: नुसतं नांगरलेलं काळं रान.

अण्णा ताठ बसले. "मंडळी," ते म्हणाले, "हे रान तुमच्या ओळखीचं आहे."

मी फोनचं बटण दाबलं. ते बोलत गेले. खुर्चीच्या दांड्यावर बोटाने एक टकटक केली की मी पुढची स्लाइड लावायची, हे मला तिसऱ्या टकटकीला कळलं. बोंडं, अळी, फवारणी, मग बांधावर उभा एक माणूस; आणि अण्णांनी त्याचं नाव, गाव, त्याच्या विहिरीची खोली, त्याच्या बैलांच्या सवयींसकट सगळं सांगितलं. चाळीस मिनिटं. एकदाही अडखळले नाहीत. शेवटची स्लाइड झाल्यावर पाणी मागितलं आणि विचारलं, "नळाला पाणी आलं का?"

मला आनंद व्हायला हवा होता. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. त्यांची माणसं चेहऱ्यांना चिकटलेली नव्हती, भाषणातल्या जागांना चिकटलेली होती. आधीची स्लाइड गेली की तिच्यामागून माणूस यायचा. मोसंबीचं भाषण त्यांनी सगळ्यात जास्त गावांत केलं होतं, सगळ्यात जास्त माणसं त्याच डब्यात होती, आणि त्या डब्याचा क्रम मी व्यवस्थितपणाच्या नादात मोडून कचऱ्यात घातला होता.

रविवारी मी तो परत लावायचा प्रयत्न केला. चौकट उघडली की फिल्मच्या कडेला बारीक आकडे दिसतात. त्यावरून कोणता फोटो आधी काढला ते कळलं, पण भाषणात तो कुठे येतो ते कळलं नाही. मोसंबीच्या लागवडीचं पुस्तक उघडून त्याप्रमाणे लावलं. अण्णांनी दोन स्लाइड्स बघितल्या आणि मान फिरवली. "हे कुणाचं भाषण?"

तेव्हा ड्रायव्हरकाका आठवले. अण्णांची जीप अठरा वर्षं त्यांनी चालवली आणि प्रोजेक्टरही तेच चालवायचे. ते हर्सूलला, तलावाच्या अलीकडे राहतात, एवढं माहीत होतं. दरवर्षी दिवाळीला फोन करायचा हे माझ्या यादीत असतं आणि गेली दोन वर्षं ते मी पुढे ढकललं होतं. सोमवारी अर्धी रजा टाकली, स्कूटर काढली आणि विचारत विचारत त्यांचं घर गाठलं. काका ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होते.

"ताई, आज कशी काय वाट चुकली?"

"चुकले खरी, काका. मोठी चूक केलीय." मी सगळं सांगितलं. रेघेचं, पुठ्ठ्यांचं, घंटागाडीचं.

काकांनी तेलाची बाटली बाजूला ठेवली. मग म्हणाले, "हिरवी रेघ मीच वढली व्हती. साहेब सांगायले आन मी वढायलो. चांगली वर्षंभर टिकंल म्हणलं व्हतं, ती पंचवीस-तीस वर्षं टिकली. आन तुमी घंटागाडीत घातली?"

"घातली."

"लई शिकल्याला माणूस घरात असला का असं व्हतं बगा." ते हसले, आणि मला पहिल्यांदा जरा सुटल्यासारखं वाटलं.

"तुम्हाला क्रम आठवतो का, काका?"

"कसला क्रम?"

"कोणत्या फोटोनंतर कोणता."

"ते नाय आठवत. मला साहेबाचं भाषण पाठ हाय. भाषण ऐकत ऐकतच मी बटन दाबायचो. आत्ता म्हणून दावू का?" आणि तेल लावलेला गुडघा तसाच ठेवून त्यांनी सुरुवात केली, "मंडळी, माणसानं पोराला आन झाडाला येळेवर उपाशी ठेवावं…"

"इथे नको. घरी चला."

पुढच्या रविवारी त्यांना घेऊन आले. नेमका पाण्याचा दिवस; मी पहाटेच उठून टाक्या, बादल्या, पिंपं भरून घेतली आणि नऊच्या आत मोकळी झाले. मोसंबीच्या सगळ्या स्लाइड्सचे पत्त्यांएवढे फोटो छापून दिवाणावर पसरले होते. अण्णांनी काकांना ओळखलं की नाही, मला कळलं नाही. "या," म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला.

काकांनी फोटोंवर नजर टाकली आणि हळू आवाजात भाषण म्हणत एकेक पत्ता उचलायला लागले. मी मागून नंबर टाकत गेले. चांगली बाग, खड्डा, कलम. मग ते थांबले, डोकं खाजवलं आणि खोडातून डिंक गळणाऱ्या झाडाचा फोटो उचलला.

"अरे, आधी ताण," पेपरच्या मागून आवाज आला.

"काय म्हणलं, साहेब?"

"ताण. पाणी तोडायचं. ताण दिल्याबिगर बहार कुठून येतोय? डिंक्या नंतर. अठरा वर्षं ऐकलंस, का जीपमध्ये झोपत होतास?"

"झोपलो असतो तर बटन कुणी दाबलं, साहेब? तुमच्या काठीनं?"

"पुढच्या चित्रासाठी काठी आपटली की दोन मिनिटांनी दाबायचास."

"लोकं टाळ्या वाजवायले, त्यात काठी ऐकू येत नव्हती!"

पेपर खाली आला. त्यानंतर दोघांनी मिळून लावलं. भांडत लावलं. काका मुद्दाम चुकायला लागले होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं. रोगांचे अकरा फोटो झाले. सुकलेल्या फांद्या, काळी पडलेली पानं, सडलेलं खोड. काका दिवाणावर इकडेतिकडे शोधायला लागले.

"हितं बाईसाहेब येत्यात. त्या कुठं गेल्या?"

बाईसाहेब म्हणजे माझी आई. मोसंबीची टोपली कडेवर घेऊन हसणारा तिचा फोटो होता, तो मी ‘घर’ गटात ठेवला होता. घरचा फोटो चुकून डब्यात आला असेल, असं समजून.

"तो भाषणात होता?"

"तर! रोगाची चित्रं बघून लोकं पार गार पडायची. बाग तोडून टाकावी वाटायचं. मग साहेब बाईसाहेबाला आणायचे आन म्हणायचे, ही फळं त्याच डिंक्या झाल्याल्या झाडाची, माझ्या बायकोनं सोता तोडून आणल्यात." काका हसू दाबत म्हणाले, "फळं शहागंजातून इकत आणल्याली."

"शहागंज नाही," अण्णा म्हणाले. "पाचोडच्या बाजारातून. तूच आणलीस. निम्मी वाटेत खाल्लीस."

"म्हणजे तुम्ही खोटं सांगत होतात, अण्णा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कितीतरी दिवसांनी पाहावं तसं. "झाड बरं झालं होतं. फळ धरायला अजून दोन वर्षं लागणार होती. कुऱ्हाड हातात घेतलेल्या माणसाला दोन वर्षं थांब, असं कशावर सांगणार? तुझ्या आईला मीही तेच म्हणालो, खोटं आहे. ती म्हणाली, टोपली द्या इकडं."

तक्त्यात आईच्या फोटोपुढे शेऱ्याचा रकाना होता. मी जागा सोडली.

दुपारी जेवणं झाली. मी फाइलींची नावं नव्या क्रमाने बदलली आणि टीव्हीवर भाषण लावलं. काका माझ्या शेजारी बसले. सवयीने त्यांचा अंगठा मांडीवर हलत होता. अण्णा उभे राहिले. मी बसा म्हटलं, ते बसले नाहीत. दांडा नव्हता म्हणून टाचेने फरशीवर ठोका देत ते बोलले. फेटेवाला उंच माणूस आला तेव्हा त्याचं नाव आलं, गाव आलं, त्याच्या धाकट्या मुलीला माझ्या आईने वसतिगृहात जागा मिळवून दिली होती तेही आलं. मी भराभर लिहीत होते. हात दुखत होता आणि मधे थांबायची भीती वाटत होती. आई आली. तिच्यापाशी ते क्षणभर रेंगाळले, पण पुढे गेले.

शेवटची स्लाइड ट्रकमध्ये भरलेल्या मोसंबीची. ती झाली. मी रेकॉर्डिंग बंद करायला हात पुढे केला, तर अण्णांनी पुन्हा टाच आपटली.

"संपलं, अण्णा."

त्यांनी पुन्हा आपटली. चेहऱ्यावर तीच जुनी बेचैनी, फोटोंपुढे बसवलेल्या त्या चार दिवसांची. मी काकांकडे पाहिलं. एखादी स्लाइड पुठ्ठ्याबरोबर गेली की काय?

"आता काहीच नाय," काका कुजबुजले. "प्रोजेक्टरचा शेवटचा खण रिकामा ठिवायचो. नुसता पांढरा उजेड चादरीवर. मग लोकं इचारायची."

असली फाइल माझ्याकडे नव्हती. मी घाईघाईने एक कोरं पांढरं पान केलं आणि पडदाभर लावलं. खोली उजळली. अण्णांनी आमच्याकडे, आमच्या मागच्या भिंतीकडे, दारापर्यंत नजर फिरवली.

"बोला. कुणाला काय विचारायचंय?"

काकांनी हात वर केला. खरोखर, शाळेतल्यासारखा. "साहेब, आमच्या दारच्या लिंबाची पानं पिवळी पडायलीत."

"वरची का खालची?"

"वरची."

अण्णांनी त्यांना पाच मिनिटं उत्तर दिलं. मग मी हात वर केला. चार दिवस ज्या प्रश्नांवर ते चिडले होते, तेच प्रश्न मी विचारले, आणि ते शांतपणे उत्तर देत गेले. विहिरीजवळच्या दोघी बायका कोण? सख्ख्या जावा, सांगितलं. तुटलेल्या हाताचा माणूस? उसाच्या चरकात गेला तो हात, सांगितलं. मी अहो-जाहो बोलत होते, तेही मला अहो-जाहो करत होते.

चौथा प्रश्न माझ्या यादीत नव्हता. भाषणातल्याच एका फोटोत बागेच्या कडेला आमची जीप उभी आहे आणि तिच्या पुढच्या भागावर पाच-सहा वर्षांची एक मुलगी बसलेली आहे, अंगात निळा झगा. ती मी. पण मी तिथे कधी गेले, कुणी नेलं, मला काहीच आठवत नाही.

"साहेब," मी म्हटलं, "जीपवर बसलेली ती मुलगी. ती त्या दिवशी तिथं कशी आली होती?"

त्यांनी पांढऱ्या पडद्याकडे पाहिलं. काकांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"शेतकऱ्यांपैकी कुणाची तरी असेल," अण्णा म्हणाले. "आत्ता सांगता येणार नाही. तुमचं नाव-गाव लिहून द्या, मी कार्यालयातून कळवतो."

मी वहीचं पान फाडलं. त्यावर माझं नाव लिहिलं, खाली या घराचा पत्ता लिहिला आणि उठून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा सारखा केला, ओठ हलवत ते वाचलं, नीट घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

"पुढचा प्रश्न," ते म्हणाले.